भिगवणचे रोहित आणि माझी फुल फ्रेम

शनिवारी पहाटे चारला पुणं सोडलं. सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण, तिथून आत कुंभारगाव. उजनी धरणाचं अथांग पाणी, कडाक्याची थंडी आणि नावेत आम्ही दोघी. माझ्या मांडीवर नवाकोरा फुल फ्रेम कॅमेरा. अख्खा बोनस त्यात गेलेला! मैत्रिणीकडे माझाच जुना, मी तिला निम्म्या किमतीत विकलेला.

उजाडेपर्यंत मीच राणी होते. माझा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा. तिचा एपीएस-सी, साधारण २४ बाय १६चा. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी. मोठा सेन्सर उजेड जास्त गोळा करतो. त्यामुळे त्या अर्धवट अंधारातही नावाडीकाकांचा चेहरा माझ्याकडे स्वच्छ आला, तिच्याकडे रवाळ.

मग रोहित दिसले. उथळ पाण्यात माना घालून उभा असलेला गुलाबी थवा. "याहून जवळ नेलं तर उडतील, ताई," काका म्हणाले. दोघींनी ७०-३०० लेन्स लावली. माझ्या फोटोत आले गुलाबी ठिपके. तिच्या फोटोत चक्क वाकडी चोच!

गणित साधं आहे. लेन्स तीच, पण छोटा सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपतो. तिथं ३०० मिलिमीटरला ४५०एवढी चौकट मिळते. मला ती हवी तर आणखी लांबची, जड आणि महाग लेन्स घ्या, नाहीतर फोटो कापा.

हट्टानं जुनी १८-५५ किट लेन्सही बरोबर घेतली होती. ती बसली खरी, पण छोट्या सेन्सरसाठी बनलेली. कॅमेऱ्यानं आपणहून चौकट कापली आणि २४ मेगापिक्सेलचे उरले जेमतेम १०. कॅननची ईएफ-एस लेन्स तर फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. म्हणून दोस्तहो, बॉडी बदलण्याआधी घरातल्या लेन्स मोजा. आणि रविवारी तुम्ही कुठं जाता, तेही आठवा. पक्ष्यांमागं फिरत असाल तर छोटा सेन्सर बेस्ट. लग्नं, मैफली, रात्रीचं आकाश असेल तर करा खर्च.

परतताना मिसळ खाता खाता मी हळूच विचारलं, "जुना कॅमेरा परत देतेस? त्याच किमतीत?"

ती हसली. "किमती वाढल्यात, मॅडम!"