चक्रवाकाच्या मुलखात

बुलडाणा जिल्ह्यात जन्म गेला आणि लोणार पाहिले नाही, असे सांगणारी माणसे आपल्या वस्त्यांतून पुष्कळ भेटतात. आपली सहल म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, फार तर अजिंठा-वेरूळ. त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या सरोवराची नोंद जगाने घेतली ते आपल्याच जिल्ह्यात असून आपण पाहू नये, याला काय म्हणावे? म्हणून यंदा मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या विहारातील तीन घरांनी मिळून एक क्रुझर ठरविली. लहानथोर धरून बारा माणसे, भाकरी-बेसनाचे डबे, पाण्याच्या कॅन आणि निवृत्त गुरुजींच्या गळ्यात त्यांची जुनी दुर्बीण. "पाखरं पाहाले पैसे देऊन जाता काय?" असे शेजारच्या आजोबांनी विचारले, तेव्हा आम्ही सगळेच थोडे ओशाळलो.

खामगावहून बुलडाण्याकडे जाणारा रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो. हेच ज्ञानगंगा अभयारण्य. 1997 साली ते जाहीर झाले आणि त्याचा विस्तार सुमारे 205 चौरस किलोमीटर आहे. 2019 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणाच्या सीमेतून फिरत फिरत इथवर आला, तेव्हा वर्तमानपत्रांतून या जंगलाचे नाव गाजले. वाघ आला की जंगल असते, नाही तर ते नुसते घाटातले रान!

आम्ही पोहोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. पळस फुलला होता. गुरुजींनी गाडी कडेला थांबवायला लावली आणि मुलांना सांगितले, "बोलू नका, फक्त एका झाडाकडे पाहा." आम्ही पाहत राहिलो. एका पळसावर साळुंक्या, बुलबुल, काळाकुळकुळीत कोतवाल आणि अंगठ्याएवढा शिंजीर, असा मेळाच भरला होता. ज्याची चोच फुलात गेली त्याच्या कपाळाला परागाचा पिवळा टिळा लागत होता आणि तोच टिळा घेऊन तो दुसऱ्या झाडावर जात होता. फुलाचे काम पाखराने करायचे, मोबदल्यात मध प्यायचा, असा हा व्यवहार आहे. पुढे एका वडावर हरियालांचा थवा बसला होता. हिरवट-पिवळे अंग आणि पिवळे पाय असलेले हे कबूतर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पानांत बसले की दिसत नाही, उडाले की कळते एवढे होते.

तिथेच एका मुलीने विचारले, "गुरुजी, आपल्या विहाराच्या भिंतीत पिंपळ उगवला, तो कोणी लावला?" आम्ही दरवर्षी तो कोवळा बोधिवृक्ष कुंडीत काढून कोणाला तरी देतो, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. पिंपळाचे फळ बुलबुल, साळुंकी, तांबट, कोकीळ खातात. त्यातले मोहरीहून बारीक बी पोटातून सहीसलामत बाहेर पडते आणि भिंतीच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, कुठेही रुजते. ज्या वृक्षाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली त्याची जात पाखरांनी राखली आहे. गुरुजींनी हे सांगितल्यावर मागच्या सीटवरच्या मावशी एवढेच म्हणाल्या, "म्हंजे भिंत खराब करनारं पाखरू कामाचं निंगालं."

पाखरांच्या नावावर आपल्या समाजाने काय काय अंधश्रद्धा पोसल्या! टिटवी रात्री ओरडली की घरातले माणूस जाते, भारद्वाज दिसला की काम होते, पिंगळा छपरावर बसला की अशुभ. धम्मदीक्षा घेऊन तीन पिढ्या झाल्या, तरी टिटवीचा आवाज ऐकून अजून कोणी कोणी दाराशी पाणी ओततात. या पिंगळ्याचाच एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. 1884 नंतर त्याची खात्रीलायक नोंद झाली नाही. तो जगातून नाहीसा झाला असे तज्ज्ञ धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. त्यानंतर मेळघाटातही त्याची वस्ती सापडली. आपल्या जिल्ह्याचे उत्तर टोक, संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य, त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले आहे. ज्याला अशुभ म्हणून दगड मारायचे, त्याला पाहायला आता साता समुद्रापलीकडून माणसे येतात.

चिखली, मेहकर करीत आम्ही लोणारला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. काठावर उभे राहिलो आणि सगळे गप्प झाले. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीची ती वाटी, दीडशे मीटरच्या आसपास खोल, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. इथे लवणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, अशी कथा गावात सांगतात. दैत्यसूदनाचे मंदिरही त्याच कथेवर उभे आहे. असुर कोण होते आणि त्यांना मारल्याच्या कथा कोणी लिहिल्या, हे महात्मा फुल्यांनी सांगून ठेवले आहे, त्यात आम्ही इथे शिरत नाही. मुलांना आम्ही उल्केची हकीकत सांगितली. आकाशातून पडलेल्या दगडाने काळ्या बसाल्ट खडकात हा खड्डा पाडला. त्याला बावन्न हजार वर्षे झाली असे पूर्वी म्हणत, अलीकडच्या मोजणीने हा काळ पाच लाख वर्षांच्याही मागे नेला आहे.

पाणी खारट आणि सोड्यासारखे अल्कधर्मी. आमच्यातला एक चौथीतला मुलगा म्हणाला, "महाडचं चवदार तळं, आणि हे बेचव तळं!" सगळे हसले. पण त्याने पुढे विचारले, "मग हे पाणी कोण पितं?" या पाण्यात माणूस आणि गुरे तोंड घालीत नाहीत, मात्र सूक्ष्म जीव आणि शेवाळ दणकून वाढते. 2020 च्या जूनमध्ये सारे सरोवर गुलाबी झाले होते, ते खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या अशाच सूक्ष्म जीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. शेवाळ आले की किडे-अळ्या येतात आणि त्यांच्यामागे लांब लाल पायांचे शेकाटे, बुड्या मारणारी टिबुकली, थापट्या बदके येतात. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत. महाराष्ट्रात त्याआधी हा मान नांदूर मधमेश्वरला मिळाला होता. रामसरच्या नोंदीत इथल्या सुमारे 160 जातींच्या पक्ष्यांचा उल्लेख आहे. अभयारण्याचा आकार मात्र जेमतेम 3.65 चौरस किलोमीटर. अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी चढली आहे. गोडे पाणी वाढत गेले तर हे खारेपण आणि त्यावर पोसलेले किडे-शेवाळ किती टिकेल, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर पडतोच.

काठाकाठाने चालताना आम्हाला पाण्यावर केशरी-बदामी रंगाची दोन मोठी बदके दिसली. सोबतचा वनरक्षक म्हणाला, "ब्राह्मणी बदक." आमच्या मंडळींत एकदम खसखस पिकली. एक काकू तर म्हणाल्या, "इथंही आधी तेच का?" गुरुजींनी पक्षिकोश उघडला. मारुती चितमपल्लींचा हा कोश त्यांच्या पिशवीत नेहमी असतो. या पाखराचे आपले जुने नाव चक्रवाक. इंग्रजांनी त्याला भलतेच नाव चिकटवले आणि आपण ते उलथे करून घेतले. दूरच्या डोंगराळ मुलखातून ते हिवाळ्यात इकडे येते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जाते.

मावशींनी मात्र कोश पाहिलाच नाही. त्या म्हणाल्या, "हा चकवा व्हय. माहा बाप दावे मले नदीवर. नर-मादी सोडून राहत न्हाई." मावशी एक दिवस शाळेत गेलेल्या नाहीत. चितमपल्लींनी सुद्धा जंगलातल्या अशाच अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांकडून नावे गोळा केली आणि त्यांचा कोश झाला.

आणि सम्राट अशोकाने या चक्रवाकाचे नाव दगडावर कोरले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने जी आज्ञा काढली, ती पाचव्या स्तंभलेखात आहे. मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच त्यात दिली असून पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस अशी पाखरे आरंभीच येतात. विनाकारण रानाला आग लावू नये, असेही त्याच लेखात आहे. आपल्या देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी एक बौद्ध राजा बदकाची काळजी करीत होता. हे वाचून दाखवताना गुरुजींचा आवाज जड झाला, तो आम्हाला अजून आठवतो.

तेवढ्यात टिटवीने डोके उठविले. ती ओरडत आमच्या डोक्यांवरून झेपा घेऊ लागली. वनरक्षकाने हाताने थांबवले आणि खडकाळ जमिनीकडे बोट दाखवले. खड्यांतच खड्यांच्या रंगाची चार अंडी होती, काडीचेही घरटे नव्हते. आम्ही मागे सरलो, पण चौथीतल्या त्या मुलाचा हात खिशात गेला आणि त्याच्या आईने तो हात धरून बाहेर काढला. हातात बेचकी होती. कोणी रागावले नाही, तरी त्याचा चेहरा उतरला. मग झाडाखाली डबे सोडल्यावर राजकुमार सिद्धार्थाची गोष्ट निघाली. देवदत्ताचा बाण लागून पाखरू पडले. ते कोणाचे, मारणाऱ्याचे की वाचवणाऱ्याचे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हा प्रसंग घेतला आहे.

गोष्ट संपल्यावर मावशी बराच वेळ भाकरी हातात घेऊन बसल्या. मग बोलल्या. लहानपणी त्या एका रानाच्या कडेला राहत. घरी चूल पेटायची तर मोळी आणावी लागे. एकदा एका रखवालदाराने त्यांच्या आईचा विळा आणि दोर हिसकून घेतला, दिवसभर उन्हात बसवून ठेवले. "पाखराचं घर राखलं, चांगलं केलं. आमच्या चुलीचं कोन राखलं?" आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते. वनरक्षक खाली मान घालून ऐकत होता. तो स्वतः कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा.

याच पुस्तकात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ उलगडताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज, असा भेद केला आहे. बेचकी आणि मोळीचा विळा यांत तोच भेद आहे, पण दंडाची पावती फाडताना तो कोण पाहतो? फासेपारध्यांचेच घ्या. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांत पारधी आले. तो कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. तित्तिर धरून पोट भरणारा पारधी पकडला जातो. परंतु वाशीम जिल्ह्यातील वडाळ्याच्या फासेपारध्यांनी गवताळ माळ राखून दाखवला आहे. फासे लावणाऱ्यालाच पाखराची वाट, वेळ, घरटे ठाऊक असते. त्याला दूर ठेवून राखण करणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही. मेळघाटातल्या ज्या कोरकूंची गावे उठली, त्यांच्याविषयीही हेच म्हणता येईल.

परतीला ऊन उतरले होते. चक्रवाकाची जोडी अजून तिथेच होती. मुलाने बेचकीचे रबर सोडून वनरक्षकाला दिले, लाकूड मात्र स्वतःजवळ ठेवले. गाडीत त्याने वहीत नावे लिहायला घेतली आणि मेहकरला चहासाठी थांबलो तेव्हा यादी एकेचाळीसवर गेली होती. शेवटचे नाव त्याने 'चकवा' असे लिहिले होते. गुरुजींनी कंसात चक्रवाक लिहायला सांगितले. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, त्याले जे समजलं ते ऱ्हाऊ द्या," आणि हॉटेलच्या दाराशी दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे बोट दाखवून त्याला विचारले, "हे धरलं का रे बेचाळिसावं?"