सिल्वासातील अनंत

वापीला गाडीतून उतरून सिल्वासाची वाट धरली, की कारखाने सुरू होतात आणि नव्या माणसाला वाटते, येथे फुलांचे काय काम? परंतु मृगाचे एकदोन पाऊस पडून जाऊ द्यावेत आणि दमणगंगेकाठच्या या गावात, जेथे जुनी कौलारू घरे अद्याप उभी आहेत त्या बाजूने दिवेलागणीला फिरून यावे. एखाद्या कुंपणाआडून असा काही गोड, जड दरवळ येतो, की पाऊल आपोआप थांबते. तो अनंत.

अनंताचे मूळ घर चीनकडचे. अठराव्या शतकात अमेरिकेतील अलेक्झांडर गार्डन या वैद्याच्या नावावरून विलायतेत त्याचे ‘गार्डेनिया’ असे बारसे झाले. मात्र त्याची बहीण आपल्याच रानातली आहे. जिचा डिंक आजीबाईच्या बटव्यात हटकून असे, ती डिकेमाली. तिचीही फुले पांढरी उमलतात आणि मग पिवळी पडतात.

दुहेरी पाकळ्यांचा अनंत सहसा फळ धरीत नाही. त्यामुळे तो पाखरांकरवी पसरत नाही. माणसाने माणसाला फांदी द्यावी, तेव्हाच तो दुसऱ्या अंगणात जातो. आमचा अनंत शेजारच्या काकूंचा. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीजांपासून मुक्त झाले, तेव्हा काकू परकरी पोर होत्या. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, हे त्या आजही अभिमानाने सांगतात. अनंत त्यांच्या सासूबाईंनी लावलेला. 2019 साली ते घर पाडायचे ठरले, तेव्हा मी फांदी मागितली. “ने गं,” काकू म्हणाल्या, “दोन ने. एक मरणारच.”

दोन्ही फांद्यांना पावसाळ्यात मुळे फुटली. मी हौसेने त्या नव्या गिलाव्याच्या भिंतीलगत लावल्या आणि दिवाळीनंतर विंधण विहिरीचे पाणी घालू लागले. माघापर्यंत पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. भूक लागली असेल म्हणून शेणखत वाढवले, तसे एक रोप वाळूनच गेले. पुढे उमगले, की रोग भुकेचा नव्हताच. अनंताला आंबट माती लागते. सिमेंटचा चुना आणि जड पाणी मातीचा आंबटपणा मारतात; मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. भरल्या ताटावर उपवास म्हणतात तो हाच!

उरलेले रोप मी भिंतीपासून दूर, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी, मोठ्या कुंडीत हलवले. लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि अधूनमधून पाण्यातून चिमूटभर हिराकस. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातले चार पिंपे पाणी आता अनंतासाठी राखून ठेवते. घरच्यांनी थट्टा केली, पण नवी पालवी हिरवीगार आली. कळ्या धरल्यावर मात्र कुंडी हलवू नये आणि माती एकदा कोरडी, एकदा चिखल असेही होऊ देऊ नये. नाहीतर कळ्या उमलण्याआधीच गळतात. छाटणी करावी ती बहर सरल्यावर लगेच. उशीर केला, तर पुढच्या कळ्याच कात्रीखाली जातात.

2022 च्या ज्येष्ठात पहिली सात फुले आली. त्यातली पाच मी काकूंकडे नेली. त्या आता वापीला मुलाच्या सदनिकेत राहतात आणि जुन्या घराच्या जागी मोटारी उभ्या करण्याचे फरसबंद आवार आहे. काकूंनी फुले ओंजळीत धरली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गॅलरीत ऊन सकाळचंच येतं.”

त्या पावसाळ्यात मी गुटी बांधली आणि मुळे धरल्यावर रोप पोचते केले. अद्याप त्याला कळी नाही. पाने हिरवी आहेत. नळाचे पाणी काकू त्याला घालू देत नाहीत. वापीला कोणी निघाले, की मी पावसाच्या पाण्याच्या दोन बाटल्या पाठवते.