उदयनगरचे अर्ज

इंदूरच्या एका जुन्या मराठी घराण्यात जन्मून बँकेच्या चाकरीत केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या माणसाची धर्मसेवेची कल्पना सदावर्त, पाणपोई आणि फार तर मोफत दवाखाना यांपलीकडे कधी गेली नव्हती. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात देवास जिल्ह्यातील बागली तहसिलीत माझी बदली झाली आणि उदयनगरच्या मठातील एक ख्रिस्ती भगिनी माझ्या मेजापुढे बसून, देणगीचा शब्दही न काढता, कर्जाचे नियम कलमवार विचारू लागल्या, तेव्हा मला आश्चर्य वाटले आणि, खरे सांगावयाचे तर, काहीसा वैतागही आला.

ज्यांनी हा परिपाठ घातला त्या सिस्टर राणी मारिया मी तिकडे जाण्यापूर्वीच गेल्या होत्या. केरळातील पुल्लुवळी येथे 1954 साली जन्मलेल्या आणि फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात व्रतस्थ झालेल्या या बाई बिजनौर व शहडोलकडील सेवेनंतर 1992 साली उदयनगरास आल्या, तेव्हा तेथील भिल्ल, भिलाला कुटुंबांपैकी कित्येकांची अवस्था अशी होती की पेरणीच्या तोंडावर सावकाराकडून बी उचलावे, सुगीला त्याच्याच दाराशी धान्य मापून द्यावे आणि तरीही रोख्यावरील मुद्दल जागचे हलू नये. राणी मारियांनी त्यांना सरकारी योजनांची आणि बँकेची वाट दाखविली, त्यांची एकजूट केली, आणि त्यामुळे सावकार व तालेवार बिथरले. त्यांनी नुसते धान्य वाटले असते, तर याच तालेवारांनी त्यांना शालजोडी पांघरली असती, असे मला अजूनही वाटते. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरला निघालेल्या बसमध्ये, उतारूंच्या देखत समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून ठार केले. देहावर पन्नासाहून अधिक जखमा मोजल्या गेल्या.

एवढे झाल्यावरही मठातून माणसे येतच राहिली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आदिवासी लाभार्थ्यास खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळे. परंतु ते पदरात पडेपर्यंत खसऱ्याची नक्कल, ना-देणे दाखला, पटवाऱ्याची सही आणि आमच्या शाखेतील ‘जेवणानंतर या’ हा नित्यपाठ, अशा पायऱ्या चढाव्या लागत, आणि प्रत्येक पायरीवर एखादा दलाल बसलेला असे. मजकडे येणाऱ्या त्या भगिनीच्या कापडी पिशवीत शाईचा पॅड, कार्बन कागद आणि अंगठा पुसावयाची चिंधी एवढे साहित्य कायम असे. अर्जाची नक्कल त्या स्वतःपाशी ठेवीत आणि मूळ अर्ज देताना तारखेसह पोच मागत, कारण पोच नसलेला अर्ज गहाळ होण्यास वेळ लागत नाही, हे त्यांना आमच्या कारकुनांइतकेच पक्के ठाऊक होते. एकदा दुभत्या म्हशीसाठी आलेल्या एका वृद्ध भिलाला बाईने घाईघाईने अंगठा पुढे केला, तेव्हा सिस्टरांनी तिचे मनगट धरले आणि मला म्हणाल्या, “साहेब, हिच्या हातात किती पडणार आणि हिने फेडायचे किती, हे आधी हिला सांगा.” मी सांगितले. म्हातारीने तेच आकडे आपल्या बोलीत घोकून दाखविले, एकदा चुकली, पुन्हा म्हणाली, आणि मगच अंगठा कागदावर उमटला. मागे रांग खोळंबली होती; सिस्टरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पुढे 2002 साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सेल्मी पॉल, ज्या स्वतःही त्याच संघात व्रतस्थ होत्या, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समंदरसिंगाच्या मनगटावर राखी बांधली. 2006 साली तो सुटला. वृत्तपत्रांनी या क्षमेचे कौतुक केले, ते यथार्थच होते; मात्र त्या भरात सावकारी आणि अर्जांची हकीकत एकदोन ओळींत उरकली गेली, हे मला रुचले नाही.

4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा झाला, त्यास मीही गेलो होतो. गर्दीत उदयनगरकडील एका प्रौढ स्त्रीने मला ओळखले आणि नमस्कार आटोपताच पदराआडून पासबुक काढून एका नोंदीवर बोट ठेवले. किमान शिल्लक न राखल्याबद्दल बँकेने दंड कापला होता. कोणत्या प्रकारच्या खात्यास हा दंड लागत नाही ते मी तिला समजावून सांगितले, पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर खाते बदलण्याचा अर्ज खरडून दिला आणि निघताना बजावले की, पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडू नकोस. “ते माहीत आहे,” ती म्हणाली.