वरळीच्या पाषाणातील बेडूक

लालबागच्या एका वृद्ध गिरणी कामगाराचा अंत्यविधी गेल्या वर्षी आम्ही शिवडीच्या दफनभूमीत केला. मूठमाती देऊन मंडळी पांगली, तेव्हा मृताचा मुलगा आमच्याजवळ आला. तो आता एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवितो. "फादर, एखाद्या सोमवारी सवड काढा. तुम्हांला मुंबई दाखवितो," तो म्हणाला. सोमवार हा आमच्या सुट्टीचा वार, हे तो विसरला नव्हता. आम्ही होकार दिला खरा, पण त्या रात्री आमचा डोळ्याला डोळा लागला नाही.

त्याचे कारण वाचकांना सांगितले पाहिजे. २००१ साली आम्ही सहायक धर्मगुरू म्हणून नुकतेच परळ भागात आलो होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीचा पहिला अध्याय चालू असता या मुलाने उभे राहून विचारले, "फादर, सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीचे तीन दिवस मोजले कसे?" वर्गात हशा पिकला. "फार शहाणा आहेस, खाली बस," असे आम्ही त्याला सुनावले. अज्ञानातून हे घडले असते तर एक वेळ क्षम्य होते. परंतु सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि ते दिवस आपल्या नित्याच्या दिवसांसारखे नव्हेत असे त्यांनी मानले होते, हे आम्ही सेमिनरीत शिकून आलो होतो. उत्तर ठाऊक असूनही आम्ही मुलाला गप्प बसविले. पुढच्या रविवारपासून तो आला नाही. त्याची आई मात्र मिस्साला येत राहिली आणि तिने एका शब्दानेही आम्हांला बोल लावला नाही.

जानेवारीतील एका सोमवारी ओहोटीची वेळ साधून तो टॅक्सी घेऊन आला. प्राध्यापकाला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', या विवंचनेत दादर मागे पडले. शेवटी जुने 'तू'च तोंडात आले.

वरळीच्या टेकडीपाशी त्याने टॅक्सी थांबविली. मुंबई बेटाला दोन कणे आहेत, तो सांगू लागला. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी आणि पूर्वेला शिवडी ते अँटॉप हिल. दोन्ही ज्वालामुखीच्या खडकाचे. थर समुद्राच्या बाजूस कललेले असल्यामुळे पूर्वेकडचे जुने, पश्चिमेकडचे त्यांहून नवे. मधल्या सखल भागात गिरगाव, परळ, लालबाग. हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी का तुंबते, हे आम्हांला त्या क्षणी उमगले. १७८४ साली हॉर्नबीचा बांध पुरा होऊन महालक्ष्मी-वरळीमधील खिंड बुजेपर्यंत भरतीचे पाणी या सखल भागात शिरत असे.

मग त्याने एक छायाचित्र काढले. काळसर पाटीसारख्या दगडावर टाचणीएवढी हाडे. "हा वरळीचा बेडूक, फादर." लाव्हाचा एक लोट येऊन थंड झाला आणि पुढचा यायला अवकाश होता, त्या मधल्या काळात येथे गोड्या पाण्याचे उथळ तळे साचले. त्यात बेडूक नांदले, कासवे नांदली. मग त्यांच्या चिखलावर पुन्हा लाव्हा आला. हे सहा कोटी वर्षांहून पूर्वीचे. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी घडविला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली लंडनमध्ये या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९३० साली त्याला 'इंडोबॅट्रॅकस' हे नाव मिळाले. इतकी वर्षे या टेकडीखालून आम्ही आजाऱ्यांना संस्कार देण्यासाठी गेलो-आलो, पण पायाखाली तळे आहे याचा पत्ता नव्हता!

वाळकेश्वरला बाणगंगेमागच्या खडकांवर उतरलो तेव्हा पाणी बरेच मागे गेले होते. आम्ही ज्वालामुखीचा डोंगर शोधू लागलो, तर तो हसला. दख्खनचा बहुतेक लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. आज झिजूनसुद्धा तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. खडकातील बारीक छिद्रे म्हणजे त्या वेळी अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आमच्या आईचा पाटा-वरवंटा याच काळ्या पाषाणाचा होता. याच मलबार हिलच्या पोटातून 'मावळा' यंत्राने दोन किलोमीटरांहून लांब असे जोडबोगदे कोरले, आणि २०२४ पासून त्यांतून मोटारी धावत आहेत.

"खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम कोणी मांडला ठाऊक आहे?" त्याने विचारले. आम्हांला ठाऊक नव्हते. "निकोलस स्टेनो. १६६९ साली. पुढे ते कॅथलिक धर्मगुरू झाले, १६७७ साली बिशप. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना धन्य घोषित केले." १९८८ साली आम्ही अकरावीत होतो, पुढे सेमिनरीतील इतक्या वर्षांत हे नाव आमच्या कानी आले असेलही, ध्यानात राहिले नाही. ज्याला वर्गात खाली बसविले, त्याच्याकडून आम्ही आपल्याच घरचा एक बिशप शिकलो.

तेव्हा आम्ही खडकावर टेकलो आणि चौथ्या दिवसाच्या सूर्याची गोष्ट काढली. आमचे चुकले, असे स्पष्ट म्हणालो. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. "बाबांनी त्या दिवशी मला चोपले होते, फादर," तो म्हणाला. "फादरांना उलट प्रश्न विचारतोस म्हणून." ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. त्यांना माती देऊन जेमतेम वर्ष होत होते.

भरती सुरू झाली होती. शेवाळावरून आमची चप्पल घसरू लागली, तशी त्याने आमचा हात धरला. वर येता येता म्हणाला, "यंदा मुलीला प्रथम कम्युनियनच्या वर्गाला घालायचे आहे. वर्ग कोण घेते?"

"आम्हीच घेतो."

"ती फार प्रश्न विचारते."

"पाठव," आम्ही म्हणालो.