मंडळाचा साक्षीदार

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव हे महसूल मंडळाचं गाव. या मंडळात पाऊस किती पडला, याबद्दल सरकारदरबारी एकाचंच म्हणणं धरलं जातं. तलाठ्याचं नाही, सरपंचाचं नाही, ज्याच्या वावरातली माती नाल्याला गेली त्याचंही नाही. पर्जन्यमापकाचं. हा गडी जागचा हलत नाही, कुणाच्या ओट्यावर बसत नाही, कुणाची भीड धरत नाही. तोंड तेवढं कायम आभाळाकडे उघडं.

अंगापिंडाने किरकोळच. वर नरसाळं, त्याखाली आडव्या दांडीवर दोन चिमुकली पात्रं. एक भरलं की कलंडतं, दुसरं त्याच्या जागी येतं, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. वारा, तापमान, आर्द्रता टिपणारे त्याचे भाऊबंद शेजारीच, सगळ्यांच्या पोटाला सौरपट्टीची वीज. राज्य सरकारने स्कायमेट कंपनीला बरोबर घेऊन ‘महावेध’ प्रकल्प उभारला, त्यातलं पहिलं केंद्र २०१७ च्या एप्रिलअखेर नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात सुरू झालं. पुढे राज्यातल्या दोन हजारांवर मंडळांत ही बिऱ्हाडं थाटली गेली. दर दहा मिनिटांनी खबर पुढे जाते.

त्याच्या आधीची पिढी तहसील कचेरीच्या आवारात असे. सायमन्सच्या नावाने ओळखला जाणारा तो पाच इंची तोंडाचा, आत बाटली असलेला मापक. सकाळी साडेआठला कारकून यायचा, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचा, वहीत आकडा लिहायचा. तालुक्यात काय पडलं ते त्या बाटलीवरून ठरे. त्यामानाने आजचा कामरगावचा गडी जवळचा म्हणायचा. तरी हिशोब मांडून पाहा. एखादं मंडळ दीडशे चौरस किलोमीटरचं धरा. पाच इंची तोंड धरलं, तर आपल्या तोंडाच्या अकराशे कोटी पटींहून जास्त जमिनीच्या वतीने तो एकटा बोलतो. एवढी वकिली कुठल्या आमदारालाही करावी लागत नाही.

घराणं मात्र फार जुनं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर अरत्निभर, म्हणजे हातभर, तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं असं सांगितलं आहे. कुठल्या प्रदेशात त्या काळच्या मापाने किती द्रोण पाऊस पडतो याची यादीही आहे: अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. कुंड कुठे ठेवलं ते बघण्यासारखं आहे. ज्योतिषाच्या अंगणात नाही, कोठाराच्या दारात. पावसाचा अंदाज घेऊन जास्त पाण्याचं की कमी पाण्याचं पीक पेरायचं, हे सीताध्यक्षाने, म्हणजे राज्याच्या शेतीवरल्या अधिकाऱ्याने, ठरवावं, असंही तिथेच सांगितलं आहे. ज्याला निर्णय घ्यायचा, त्याच्या कामासाठीच मोजमाप होतं.

आजच्या गड्याला मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे, आणि वकील एकच प्रश्न विचारतो: चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर झाला का? हो म्हणाला तर मंडळात अतिवृष्टी, पंचनामे सुरू. नाही म्हणाला तर खाली बसा. या प्रश्नाचं मूळ हवामानशास्त्रात आहे. भारतीय हवामान विभाग साडेचौसष्टच्या पुढच्या पावसाला ‘जोरदार’ म्हणतो. पावसाची प्रतवारी करायला शास्त्रज्ञाला रेघ लागते, म्हणून त्याने ती ओढली. तीच रेघ प्रशासनाने उचलली आणि मदतीच्या उंबरठ्याला लावली.

“मंडळात पासष्ट भरला काय, भाऊ?”

“त्रेसष्टवर थांबला म्हणते.”

“अन् माह्या वावरात गुडघाभर पाणी होतं, त्याचं काय?”

त्याचं काही नाही. विदर्भातला पाऊस नाल्याच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे धूळ उडत असते. गडी खोटं बोललेला नसतो. त्याच्या तोंडात त्रेसष्टच पडलेला असतो. हेक्टरी सहा लाख तीस हजार लिटर पाणी आणि साडेसहा लाख लिटर पाणी यांतला फरक सोयाबीनच्या मुळांना कळत नाही, फाइलीला कळतो. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मावळतो. सात ते दहा या वेळात ऐंशी मिलिमीटर कोसळला, तर चाळीस कालच्या खात्यात, चाळीस आजच्या. अतिवृष्टी दोन्ही दिवशी नाही. दर दहा मिनिटांचा जोर या गड्याला तोंडपाठ असतो, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही त्याची रीत.

उघडीप आली की त्याच्या बोलण्याचं वजन आणखी वाढायचं. पीक विम्यात पावसाचा सलग एकवीस दिवसांचा खंड आणि उत्पादनात निम्म्याहून जास्त घट दिसत असेल, तर अपेक्षित भरपाईच्या पंचवीस टक्के आगाऊ मिळण्याची सोय होती. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा खेड्याखेड्यांत दिवस मोजले गेले. खंड म्हणजे रोजचा पाऊस अडीच मिलिमीटरच्या आत. विसाव्या दिवशी तीन मिलिमीटरची सर आली की दुपारपर्यंत ती वाळून जायची, पण गड्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलेलं असायचं. मोजणी पुन्हा एकपासून. पाऊस यावा म्हणून देवाला हात जोडायचे आणि आलाच तर जमीन भिजवून जावा, नाहीतर अडीचच्या आतच राहावा, असा चमत्कारिक नवस. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ही आगाऊ भरपाईची तरतूदच काढून टाकली. आता विम्याचं गणित पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर. साक्षीदाराला त्या खटल्यातून मोकळं केलं.

एकदा मात्र त्याला नीट प्रश्न विचारला गेला. काळ्या जमिनीत रोज दहा-पंधरा मिलिमीटर झिरमिरत राहिला, तर पासष्ट कधीच भरत नाही, पण मुळं गुदमरतात, पान पिवळं पडतं, फुलं गळतात. शेतकरी हे वर्षानुवर्षं सांगत होता. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली. १५ जुलै ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान सलग पाच दिवस रोज किमान दहा मिलिमीटर, आणि त्या काळातल्या दहा वर्षांच्या सरासरीहून निम्म्याने जास्त, अशी कसोटी ठरली. मग उपग्रहाच्या चित्रातून पिकाचा हिरवेपणा तपासायचा, आणि नुकसान तेहतीस टक्क्यांवर असेल तर मदत. गडी तोच, नरसाळं तेच. प्रश्न पिकाच्या दुखण्यापासून सुरू झाला, एवढाच फरक. संशोधन आणि कारभार यांची गाठ घालायची म्हणतात ती अशी पडते. यंत्र वाढवणं त्यामानाने सोपं. पीक विम्यासाठी केंद्राने ग्रामपंचायतनिहाय पर्जन्यमापकांचा आराखडा आखलाच आहे. उद्या गावोगाव साक्षीदार होतील. प्रश्न जुनाच राहिला, तर तेच उत्तर जास्त तोंडांतून ऐकू येईल.

आणि एक पक्षकार अजून कठड्याबाहेर उभा आहे. तहसीलदार निर्णय घेतो तो झाल्या नुकसानीचा. होणाऱ्या हंगामाचा निर्णय जूनमध्ये कामरगावचा शेतकरी घेतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शेतकरी तळहातावर ढेकूळ फोडून ओल बघतो आणि शेजाऱ्याने तिफण जुंपली की धीर सोडतो. चुकला तर सोयाबीनचं एकरी तीस किलो बियाणं मातीत आणि दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर. पर्जन्यमापकाला मागच्या हंगामांतले जून आठवतात: मंडळात पंचाहत्तर कोणत्या तारखेला भरला, त्यानंतर किती दिवस उघडीप पडली, ऑगस्टमधला खंड कितीदा लांबला. खरिपाच्या तोंडावर हे एवढं एका कोष्टकात मांडून सहायक कृषी अधिकाऱ्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. नवं यंत्र नको, नवा शासन निर्णयही नको. विमा कंपनीला या गड्याकडून आकडा लागायचा, कचेरीला हो किंवा नाही लागतं. शेतकऱ्याला तारीख हवी आहे, आणि ती या गड्याकडे लिहिलेली आहे.