गप्प बसणारी डिस्क

माझ्या जुन्या लॅपटॉपचं आणि चहाचं फार जवळचं नातं होतं. सकाळी पॉवर बटण दाबायचं, गॅसवर आधण ठेवायचं, आलं किसायचं, चहा गाळून कप घेऊन परत यायचं... आणि विंडोज अजून 'वेलकम'च म्हणतंय! वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत तिकडे बॉस कॉलवर ताटकळलेला आणि इकडे हार्डडिस्कची खुर्रर्र चालू. शेवटी 2021च्या दिवाळीत बोनस आला आणि म्हटलं, बस्स झालं. एसएसडी टाकायची.

टाकली, आणि काय सांगू! लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, पण पंधरा-वीस सेकंदांत साहेब कामाला हजर. कारण साधं आहे. हार्डडिस्कच्या आत चकत्या असतात. माझ्या डिस्कमधल्या मिनिटाला 5400 वेळा गरगरायच्या आणि हवी ती फाइल शोधायला एक इवलासा हात त्यांच्यावरून मागेपुढे पळायचा. एकेका शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ, पण विंडोज सुरू होताना असे हजारो शोध लागतात. एसएसडीत हलणारं काहीच नाही. पेनड्राइव्हमध्ये असते तीच फ्लॅश मेमरी, तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकात शोधलेली. लोकलच्या गर्दीत बॅगेला धक्के बसले तरी डिस्कचं टेन्शन नाही. महिनाभर मी ऑफिसात दिसेल त्याला हेच सांगत सुटले होते. (चुलतभावाने माझं नावच 'एसएसडीताई' ठेवलं.)

एकच गोची होती. जुनी डिस्क 1 टीबीची. तेवढीच एसएसडी घ्यायची तर बोनस तिथेच संपला असता. म्हणून 256 जीबीवर भागवलं.

जागा लहान झाली की माणूस सतत आवरत बसतो. वन आरकेत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको! दर दोन महिन्यांनी ती लाल पट्टी दिसायची आणि दर दोन महिन्यांनी माझी साफसफाई. त्यात एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून आणखी घाई. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी 'न्यू फोल्डर 2' नावाचं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं.

त्यात आजी होती. म्हणजे आजीचा आवाज. तिच्या लहानपणच्या गोष्टी मी फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर टाकल्या होत्या. आजी 2023मध्ये गेली. फोन त्याआधीच बदललेला.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून लॅमिंग्टन रोड गाठला. डेटा रिकव्हरीवाल्या काकांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, हार्डडिस्क की एसएसडी?" उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग नीट समजावलं. हार्डडिस्कवर डिलीट म्हणजे नुसती दारावरची पाटी काढणं. सामान आत तसंच असतं, दुसरं कुणी राहायला येईपर्यंत परत मिळू शकतं. एसएसडीला मात्र जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून फाइल उडवली की विंडोजच तिला 'ट्रिम'ची ऑर्डर देतं, ही जागा आता नको. मग ती सवडीने स्वतःच सगळं पुसून ठेवते. त्यामुळेच तिचा स्पीड टिकतो. ज्या स्पीडचं मी वर्षानुवर्षं कौतुक केलं, त्यानेच आजीला पुसलं होतं.

"आणि ही बिघडताना आवाजही करत नाही," काका म्हणाले. "हार्डडिस्क बिचारी बरेचदा आधी टकटक करते. ही एका सकाळी दिसतच नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "जुनी डिस्क टाकून दिलीत का?"

नव्हती दिली! यूएसबी केसमध्ये घालून कपाटात, स्वेटरखाली ठेवलेली. काका म्हणाले, नशीब ती हार्डडिस्क आहे. एसएसडीतला डेटा म्हणजे साठवलेला चार्ज, वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो हळूहळू गळतो. हार्डडिस्कवरची चुंबकीय खूण त्यापेक्षा बरीच टिकते.

घरी येऊन बूटही न काढता केबल जोडली. खुर्रर्र... पाच रेकॉर्डिंगपैकी तीन सापडली, एसएसडी टाकण्याच्या आधीची. 2022च्या मे महिन्यातली दोन, एक पुरणपोळीचं आणि एक 1982च्या संपात आजोबांची गिरणी बंद पडली त्याचं, गेली ती गेलीच. पुरण आईला येतं. संपाच्या दिवसांतलं घर आजीइतकं कुणालाच आठवत नाही.

एसएसडी काही मी काढली नाही. त्या चहावाल्या दिवसांत परत जायची हिंमत नाही. पण बॅकअपसाठी एक नवी हार्डडिस्क आणली आहे, तेवढ्याच पैशांत जागाही कितीतरी जास्त मिळते. पहिल्याच शनिवारी कॉपी चालू असताना राहवेना, म्हणून एक फाइल उघडली. आधी स्वयंपाकघरात भांडी वाजली, मग आजी म्हणाली, "झालं का गं ते चालू? नाही? मग झालं की सांग मला."