कागदामागची ओल

दीर्घकाळ खोकणाऱ्या रुग्णाला मी नेहमी विचारतो, ‘घरात नवे काय आले?’ हाच प्रश्न मी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात विचारायला विसरलो आणि त्याचा त्रास माझ्या आईला भोगावा लागला. आपल्या घरी तसे घडू नये, म्हणून ही हकिगत सांगतो.

अर्धापुरातले आमचे घर जुने आहे. आईच्या खोलीला वडिलांनी हौसेने ऑईलपेंट दिला होता. ओल्या फडक्याने पुसला की भिंत लख्ख होई. मुलीच्या साखरपुड्यासाठी पाहुणे येणार म्हणून त्या भिंतींवर वॉलपेपर लावायचे ठरले. पावसाळा तोंडावर होता. कारागिराने भिंत पुसली, खळ लावली आणि संध्याकाळपर्यंत वेलबुट्टीचा व्हिनाइलचा कागद चढवला. खोलीचे रूप पालटले.

भाद्रपदात आईला रात्रीचा खोकला सुरू झाला. मी औषधे दिली, नांदेडला नेऊन छातीचा एक्स-रे काढला. त्यात काही निघाले नाही. आई एकदा म्हणाली, “बाबा, त्या कागदामागून कुबट वास यायलाय.” मी हसून म्हणालो, “तुला भास होतोय, आई.” पुढे ती आठ दिवस बहिणीकडे लातूरला गेली. तिथे खोकला जवळजवळ थांबला आणि घरी परतताच पुन्हा सुरू झाला. तेव्हा कुठे मी पलंगामागच्या कागदाची कड धरून ओढली. केळीचे सोपट सुटावे तसा तो अलगद निघून आला. आत खळ अजून चिकट होती आणि तिच्यावर काळ्या-हिरव्या बुरशीचे ठिपके पसरले होते.

यामागचे कारण साधे आहे. केळीच्या पानावर पाणी पडले तर ते पानात मुरत नाही. ऑईलपेंट, चकचकीत फरशी, काच हे पृष्ठभाग तसेच असतात. साध्या भिंतीत खळीतले पाणी थोडे मुरते आणि खळ घट्ट धरते. गुळगुळीत भिंतीवर ते आत जाऊ शकत नाही. वरून व्हिनाइल असेल तर बाहेरही पडत नाही. त्यात पश्चिमेच्या भिंतीतून पावसाची ओल आली, की दोन बंद पडद्यांमध्ये पाणी अडकते, आणि पिठूळ खळ हे बुरशीचे आयते खाद्य ठरते. आपल्याकडे पूर्वी दरवर्षी चुना लावत. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते आणि चुन्याच्या क्षारतेमुळे तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही.

आईच्या खोकल्याचे एकमेव कारण बुरशीच होते, असे मी शपथेवर सांगणार नाही. मात्र दमट, बुरशी आलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. वृद्ध, लहान मुले आणि दमेकरी यांनी विशेष जपावे.

आपल्याला असा कागद लावायचाच असेल, तर आधी भिंत तपासावी. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस थेंब जमले, तर भिंतीत ओल आहे असे समजावे आणि ती दूर होईपर्यंत कागदाचा विचार करू नये. भिंत कोरडी असेल, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढून ती स्वच्छ पाण्याने पुसावी आणि वाळू द्यावी. मग पॉलिश पेपरने घासून तिची चकाकी मोडावी, गुळगुळीत पृष्ठभाग धरून ठेवणारा प्रायमर द्यावा आणि तो पुरता सुकल्यावरच खळ लावावी. फरशीवर लावायचा असेल, तर फरश्यांमधल्या खाचाही भरून घ्याव्यात. हे काम पावसाळ्यात करू नये. कागद शक्यतो हवा खेळू देणारा निवडावा.

यातला घासण्याचा टप्पा मात्र जोखमीचा आहे. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा घालणारा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला; आपल्या भिंती बहुधा त्याआधीच्या असतात. कोरड्या घासण्याने उडणारी धूळ रांगत्या मुलांच्या हातांतून तोंडात जाते आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते. म्हणून भिंत ओली करूनच घासावी, कारागिराने चांगला मास्क लावावा, धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे.

आम्ही आईच्या खोलीतला सारा कागद काढला, भिंती धुतल्या, बाहेरच्या बाजूने पाणी शिरणारी भेग बुजवली. खोकला महिनाभरात ओसरला. आता कागद फक्त बैठकीतल्या, आतल्या कोरड्या भिंतीवर आहे. दर पावसाळ्यात पलंग हातभर पुढे ओढून मी आईच्या खोलीची भिंत पाहतो, आणि आधी तिलाच विचारतो, “वास येतोय का गं?” आपणही घरातल्या मोठ्यांना एवढे विचारत चला.